घर आणि मूल : ‘याचे किती?’

गतवर्षी या सदरात मुलांच्या झोपेविषयी लिहिले होते. त्यानंतर कित्येक भगिनींनी मला एकच प्रश्न विचारला : मुलाने ऐकावे म्हणून त्यास बक्षीस द्यावे की न द्यावे?

प्रथम माझाच अनुभव सांगते, कारण त्यात दोष माझाच आहे. नातवाने सायंकाळी देवापुढे मराठीत चार श्लोक म्हणावेत या हौसेने मी प्रत्येक श्लोकामागे पाच रुपये देऊ केले. तीन आठवड्यांत नऊ श्लोक पाठ झाले आणि मी शेजारीपाजारी कौतुक सांगत फिरले. पुढे एका रात्री त्याच्या आजोबांस ठसका लागला. मी म्हटले, “बाळ, पाणी आण रे.” तो उठला, दाराशी थबकला, आणि अगदी निरागसपणे म्हणाला, “आजी, याचे किती?”

त्या रात्री मला झोप आली नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत आलेल्या आपल्या पूर्वजांचे सारे आयुष्य हजेरीच्या वहीत बांधलेले होते. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. त्यास ‘डबल कट’ म्हणत. परंतु ती वही मळ्यावरच राहत असे. रात्री बैठकेत मुले अक्षरे गिरवीत, ती कोणी पैसे देई म्हणून नव्हे. (छडी मात्र होती, आणि ती परत यावी असे मला मुळीच वाटत नाही.) आज आपण फ्रीजच्या दारावर चांदण्यांचा तक्ता लावतो, तेव्हा ती वहीच घरात आणतो की काय?

या बाबतीत १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग ध्यानात घेण्याजोगा आहे. लेपर, ग्रीन व निस्बेट या तिघा संशोधकांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत चित्रे काढण्याची आवड असलेली मुले निवडली. काहींस आधीच सांगितले की, चित्र काढल्यास फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींस ते अकस्मात दिले. उरलेल्यांस काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी पाहिले, तो आधी कबूल केलेल्या बक्षिसासाठी चित्रे काढणारी मुले इतरांच्या मानाने निम्माच वेळ रंगांपाशी रमत होती. अकस्मात बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती.

मारिया माँटेसरी यांनी रोमच्या बालगृहातील एक प्रसंग लिहून ठेवला आहे. एका मुलाला शाबासकीचा रुपेरी क्रूस मिळाला होता, तर दुसऱ्याला शिक्षा म्हणून खुर्चीवर बसविले होते. पहिला आपल्या कामात इतका गढलेला, की क्रूस खाली पडला तरी त्यास पर्वा नव्हती. अखेर तो शिक्षा झालेल्यानेच खुशाल गळ्यात घातला!

म्हणून बक्षीस सर्वस्वी टाकावे असे मी म्हणणार नाही. दात घासणे, दप्तर जागेवर ठेवणे यांत मुलास उपजत गोडी नसते. तेथे चांदणी चालेल. मात्र ती ताबडतोब द्यावी, लहान असावी, सवय लागताच हळूहळू मागे घ्यावी, आणि एकदा मिळालेली रागाच्या भरात कधीही काढून घेऊ नये; तो तर डबल कटच झाला. पण जे मूल आपण होऊन करते, त्यावर भाव लावू नये. “आजोबांचा ठसका थांबला बघ” एवढे म्हणावे.

मी पैसे बंद केले तेव्हा नातवाने दोन महिने एकही श्लोक म्हटला नाही. मीही आग्रह धरला नाही. यंदाच्या गणेशचतुर्थीस आरतीच्या वेळी झांजा त्याच्या हाती दिल्या. त्या त्याने शेवटपर्यंत वाजविल्या. नववा श्लोक मात्र तो साफ विसरला आहे.