दमाची बेगमी

1985च्या डिसेंबरात बाबा आमटे ‘भारत जोडो’ यात्रा घेऊन कन्याकुमारीहून निघाले. सोबत शंभरावर तरुण-तरुणी, त्यांच्या सायकली आणि थेट काश्मीरपर्यंतचा सुमारे 5 हजार किलोमीटरचा रस्ता. मणक्याच्या आजारामुळे बाबांना बसणेही शक्य नव्हते. गाडीत आडवे पडून त्यांनी ती वाट पुरी केली.

इतकी जिद्द सगळ्यांपाशी नसते. पण चांगल्या कामासाठी सायकलवर टांग टाकायची तर आधी गडी पहिलवान हवा, या समजापायी किती तरी माणसे नुसती टाळ्या वाजवायला उभी राहतात. शहापूर-मुरबाडमध्ये तर ही अडचण रोजची आहे. आसनगावहून पहाटेची लोकल धरायची, दिवस कल्याणपलीकडे घालवायचा आणि दिवेलागणीनंतर घरी टेकायचे. अशा चाळिशीतल्या माणसाला स्टेशनचा जिना चढतानाही धाप लागते. शाळकरी मुलींच्या सायकलींसाठी निधी जमवायला त्याला कोणी शंभर किलोमीटर चालवायला सांगितले, तर त्याने जरूर हो म्हणावे. तारीख मात्र तीन महिन्यांपुढची मागून घ्यावी.

लांब पल्ल्याला वेग लागतो, हा गैरसमज आहे. ज्यांना हौशी सायकलस्वार ‘बीआरएम’ म्हणतात, त्या फेऱ्यांत 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. चहा-जेवण, पंक्चर, झाडाखालची डुलकी हे सगळे त्यातच. म्हणजे ताशी जेमतेम 15 किलोमीटर. मदतीसाठी निघालेल्या फेरीत शंभर किलोमीटरला आठ-नऊ तास दिले, तर काळ्या, बिनगिअरच्या सायकलवरून दूध घालणाराही ती आरामात पुरी करील.

आपल्याकडे पावसाळ्याआधी घराघरांत बेगमी होते, तशी ही दमाची बेगमी. आठवड्यात दोनदा पाऊण-पाऊण तास आणि रविवारी एक लांब फेरी एवढे पुरते. पहिल्या रविवारी 15 किलोमीटर, पुढे दर खेपेला पाच-सहा वाढवत जायचे. चौथ्या आठवड्याला थोडे कमी करून अंगाला उसंत द्यायची. सोबत्याशी सलग दोन वाक्ये बोलता यावीत, इतकाच जोर लावायचा. पहिल्या महिन्यात छातीपेक्षा बूड, मनगटे आणि मान जास्त कुरकुरतात. ती हळूहळू सरावतात. गुडघा दुखायला लागला तर आधी सीट तपासावी. गावाकडे ती फार खाली ठेवायची सवय आहे. पायडल तळाशी असताना गुडघा किंचितच वाकलेला असावा. तासाभराने केळे किंवा चिक्की, आणि तहान लागण्याची वाट न पाहता लिंबू-मीठ-साखरेचे पाणी. रक्तदाब, मधुमेह असेल किंवा छातीत कळ येत असेल, तर सायकल बाहेर काढण्याआधी डॉक्टरकडे जाऊन यावे. यात हयगय नको.

हंगामही पाहायला हवा. या भागात चैत्र-वैशाखात डांबर तापते आणि पावसाळ्यात खड्डे दिसत नाहीत. दिवाळीनंतर सराव सुरू करून जानेवारीच्या अखेरीस फेरी काढली, तर सगळे जुळून येते. शहापूर ते मुरबाड तीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन साठ. सरावाची शेवटची मोठी फेरी हीच. आयोजकांना माळशेज खुणावतो, फोटोही तिथेच सुरेख येतात. पण वैशाखरे सोडल्यावर लागणारा चढ नवख्याच्या गळ्यात मारू नये. नाशिक महामार्गावर कंटेनरच्या रांगा असतात, समृद्धीवर सायकलला मज्जाव आहे. राहतात आतले रस्ते, आणि तेच बरे. चढ आला तर उतरून चालावे. ब्रिटनमधल्या लंडन-ब्रायटन या हृदयरोग संशोधनासाठीच्या 87 किलोमीटरच्या फेरीत डिचलिंग बीकनचा चढ कितीतरी लोक सायकल ढकलत चढतात. देणगीदार त्यांचे पैसे कापून घेत नाहीत.

पैशांचे मात्र कडक असावे. टी-शर्ट, नाश्ता, बॅनर यांचा खर्च स्वारांनी खिशातून करावा. जमलेला रुपया सायकलीवरच खर्च झाला, याचा हिशेब शाळेच्या फळ्यावर लिहावा. सत्कार आणि व्यासपीठ यांत निम्मा निधी जिरणार असेल, तर त्या फेरीत घाम गाळायला कोणी जाऊच नये.

आणि शेवट कुठे करायचा? मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन वर्गात बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे नाव लिहू लागल्या. फेरी त्या गावात संपावी. सर्वांत मागच्या स्वाराला पोहोचायला दुपारचे चार वाजले, तरी तोवर मंडपाची दोरी कोणी सोडू नये आणि पिठल्याचे पातेले चुलीवरून उतरवू नये.