तिकीट मागणाऱ्या मुलीला ‘घरचं कोण आलंय?’ विचारणं बंद करा!

जाहीर आवाहन : रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा परिसरातील नागरिक, सर्व पक्षांचे कार्यकर्ते आणि विशेषतः ‘आपल्याला काय करायचं त्यात’ म्हणून दार लावून बसलेले



गेल्या आठवड्यात आपल्या परिसरात एका पक्षाची जिल्हा परिषदेच्या इच्छुकांची बैठक झाली. पक्षाचं नाव मुद्दाम घेत नाही. घेतलं तर बाकीचे टाळ्या पिटतील, आणि त्यांच्याकडे काही वेगळं चाललेलं नाही. त्या बैठकीत एक तरुण मुलगी उठली. कृषी पदवीधर, ग्रामपंचायत सदस्य. गावच्या पाण्याच्या टाकीचं रखडलेलं काम पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवून तिने पुरं करून घेतलं होतं. तिला पहिला प्रश्न आला, ‘घरचं कोण आलंय सोबत?’ दुसरा आला, ‘लग्न झाल्यावर निघून जाशील, मग गटाचं काय?’ टाकीबद्दल कुणी काही विचारलं नाही.

त्याच रात्री तिचा चेहरा भलत्याच बाईच्या फोटोला चिकटवून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवला गेला. त्या ग्रुपमध्ये शिक्षक आहेत, सोसायटीचे संचालक आहेत, सप्ताहात टाळ धरणारे आहेत. एकानेही ‘काढ तो फोटो’ असं लिहिलं नाही. हसण्याच्या चित्रांची मात्र रांग लागली. शरम वाटायला हवी, आणि ती त्या मुलीला नव्हे.

हे घडतंय कुठे? खानदेशात. 2024 च्या लोकसभेत महाराष्ट्राच्या 48 जागांवर फक्त सात बायका निवडून आल्या. त्यांपैकी तीन आपल्या : रावेरहून रक्षा खडसे, जळगावहून स्मिता वाघ, धुळ्याहून शोभा बच्छाव. नंदुरबार, धुळे, जळगाव, रावेर या चार जागांपैकी तीन! पुण्या-मुंबईच्या व्याख्यानमालांत स्त्री-नेतृत्वावर कितीही बोललं जावो, मतपेटीतून हे करून दाखवलं ते केळी-कापसाच्या या मुलखाने. आणि त्याच मुलखात एका पदवीधर मुलीला घरचा माणूस बरोबर आणायला सांगतात.

रक्षाताईंचाच प्रवास बघा, कारण तो आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. आधी कोथळीच्या सरपंच. मग जळगाव जिल्हा परिषदेच्या सदस्य. 2013 मध्ये पती गेले, पदरात दोन लहान मुलं. 2014 मध्ये पक्षाने विद्यमान खासदार हरिभाऊ जावळे यांचं जाहीर झालेलं नाव मागे घेऊन यांना उभं केलं, तेव्हा वय जेमतेम सव्वीस. पारावर काय बोललं जात होतं ते आम्हाला पाठ आहे. ‘सून आहे म्हणून मिळालं’, ‘दिल्लीत हिंदी तरी बोलेल का’, ‘सही करायला ठेवलीय.’ त्या तीन लाखांहून अधिक मतांनी आल्या. 2019 मध्ये पुन्हा तीन लाखांहून अधिक. मग 2020 मध्ये सासरे एकनाथराव खडसे पक्ष सोडून राष्ट्रवादीत गेले. सूनबाई होत्या तिथेच राहिल्या. ज्यांना ‘सही करायला ठेवलेली’ वाटत होती, त्यांनी यावर काय म्हणायचं ते आजवर म्हटलेलं नाही. 2024 मध्ये तिसऱ्यांदा अडीच लाखांहून अधिक मतांनी विजय आणि 9 जूनला केंद्रात युवक कल्याण व क्रीडा राज्यमंत्री म्हणून शपथ.

हे आवाहन करणाऱ्या आमच्या मंचात रक्षाताईंचं राजकारण न पटणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. केळीच्या पीकविम्यावरून आम्ही त्यांनाही धारेवर धरतो, पुढेही धरू. पण ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, लोकसभा, मंत्रिपद हा जिना चढता येतो हे सिद्ध झालंय. त्याची खालची पायरी म्हणजे तुमची ती परवाची बैठक. तिथेच मुलीला हुसकावलं तर वर कोण पोचणार?

स्मिताताईंचंही आठवा. विद्यार्थी परिषदेपासूनचं काम, जिल्हा परिषदेचं अध्यक्षपद, विधान परिषद. 2019 मध्ये जळगावची उमेदवारी जाहीर झाली आणि ऐन वेळी काढून उन्मेष पाटलांना दिली. पाच वर्षं थांबल्या, 2024 मध्ये मिळाली आणि जिंकल्या. पुरुष उमेदवाराचं तिकीट कापलं की दुसऱ्या दिवशी बंडखोरीचा फलक लागतो. बाईने मात्र समजूतदारपणा दाखवायचा.

विदर्भातलं उदाहरण तर चीड आणणारं आहे. भावना गवळी 1999 मध्ये पंचविसाव्या वर्षी वाशीममधून लोकसभेत गेल्या. नंतर मतदारसंघाची रचना बदलली, नाव यवतमाळ-वाशीम झालं, त्या जिंकतच राहिल्या : 1999, 2004, 2009, 2014, 2019. पाच वेळा! केंद्रात मंत्रिपद एकदाही नाही. आणि 2024 मध्ये उमेदवारीच नाही. त्यांच्या जागी हिंगोलीच्या तेव्हाच्या खासदारांच्या पत्नीला उभं केलं आणि पक्षाने ती जागा घालवली. (भावनाताईंवरच्या आरोपांची यादी कुणी पुढे करील. आरोप असलेल्या पुरुषांची तिकिटं कितीदा कापली, तीही यादी सोबत आणा.)

ओडिशाची चंद्राणी मुर्मू ऐकलीय का? केंदुझरच्या आदिवासी घरातली, मेकॅनिकल इंजिनिअर, नोकरीच्या परीक्षांची तयारी करणारी. 2019 मध्ये बिजू जनता दलाने उभं केलं. प्रचारात तिचा चेहरा लावलेली अश्लील चित्रफीत पसरवली गेली. तिने पोलिसांत तक्रार दिली, प्रचार चालू ठेवला आणि निवडून आली. वय पंचवीस, त्या लोकसभेतली सर्वात तरुण खासदार. म्हणजे परवा आपल्या ग्रुपवर जे झालं त्याचा शोध आपल्या गावच्या टवाळांनी लावलेला नाही, हे हत्यार जुनं आहे. त्या वर्षी त्या पक्षाने लोकसभेच्या 21 पैकी सात तिकिटं बायकांना दिली होती, त्यातल्या पाच जिंकल्या. कुठल्याही कायद्याने भाग पाडलेलं नव्हतं. पुढच्या निवडणुकीत मात्र केंदुझरचं तिकीट चंद्राणीला मिळालं नाही. एकदा फोटोपुरतं आणायचं आणि विसरायचं, हा रोग सगळीकडचा.

‘आता लोकसभा-विधानसभेत बायकांना 33 टक्के आरक्षण येणारच आहे की!’ असं म्हणणाऱ्यांनी जरा सन बघावं. पहिलं विधेयक 1996 चं. 2010 मध्ये राज्यसभेने मंजूर केलं, पुढे धूळ खात पडलं. 2023 मध्ये लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतांनी मंजूर होऊन कायदा झाला, तोही जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेच्या दावणीला बांधून. तोवर काय, हातावर हात? 2019 मध्ये महाराष्ट्रातून आठ बायका लोकसभेत होत्या, 2024 मध्ये सात. विधानसभेत 24 होत्या, 288 पैकी 21 झाल्या. देशभरात 2024 च्या उमेदवारांत बायका दहा टक्क्यांनाही पोचल्या नाहीत. मतदानाला मात्र त्याच निवडणुकीत बायकांची टक्केवारी पुरुषांहून किंचित जास्त. रांगेत उभं राहायला आम्ही, यादीत नाव तुमचं!

घराणेशाहीचा आक्षेप नेहमीचा. हो, बऱ्याच जणी कुणाच्या तरी मुली-सुना आहेत. मग मुलगे काय आभाळातून पडले? नंदुरबारात 2014 साली डॉ. हीना गावित यांनी नऊ वेळा खासदार राहिलेल्या माणिकराव गावितांना हरवलं, तेव्हा वय सव्वीस. 2024 मध्ये त्या गोवाल पाडवींकडून हरल्या. त्या माजी मंत्र्यांची मुलगी, ते माजी मंत्र्यांचा मुलगा. ‘बापामुळे मिळालं’ हे वाक्य दोघांपैकी कुणाच्या वाट्याला जास्त आलं, ते सांगायला नको. आणि परवाच्या त्या मुलीचे वडील तर सालदार आहेत. तिच्या मागे घराणं नव्हतं म्हणून तिला विचारलं, ‘घरचं कोण?’ म्हणजे घराणं असलं तरी गुन्हा, नसलं तरी गुन्हा. ‘बाईला रात्री-अपरात्री फिरावं लागतं’ वगैरे मुद्द्यांना उत्तर देण्यात आम्ही शाई घालवणार नाही.

आता कामाचं. वेळ थोडा आहे.

तो फोटो ज्यांच्याकडे आला असेल त्यांनी पुढे पाठवू नये. पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि आमच्या कार्यकर्तीकडे द्या. अश्लील मजकूर पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 खाली गुन्हा आहे, ‘गंमत केली’ हा बचाव चालत नाही. तक्रार देताना त्या मुलीबरोबर गावातल्या निदान दहा बायकांनी ठाण्यात जावं. ग्रुप ॲडमिन महाशयांनीही यावं, बोलावणं येण्याआधी आलात तर बरं दिसेल.

प्रत्येक गावातून एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या, निवडणूक लढवू पाहणाऱ्या मुलींची, सुनांची नावं काढा. एकवीस हे वय जिल्हा परिषदेला पुरतं, विधानसभा-लोकसभेला पंचवीस. मतदार यादीत नाव आहे का ते आजच बघा. सासर-माहेरच्या घोळात तेच पहिलं गळतं. राखीव जागेसाठी जात वैधतेचा अर्ज लगेच करा. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी भरा, शौचालयाचा दाखला काढा. दोन अपत्यांची अट कुणाला लागते ते आधीच तपासा, छाननीच्या दिवशी रडून उपयोग नाही. मागच्या वेळी आमच्या मंचाने या कागदांसाठी तहसीलच्या ओसरीवर बायकांना बसवून अर्ज भरून दिले आणि त्यातल्या एकीचाही अर्ज छाननीत बाद झाला नाही. मोठमोठ्या पक्षांच्या वकिलांना जमलं नाही ते आमच्या अंगणवाडी सेविकांनी केलं.

पक्षांना आमचं लेखी मागणं एवढंच : राखीव नसलेल्या गटांतूनही बायकांना तिकीट द्या. निम्म्या जागा राखीव आहेत म्हणून उरलेल्या निम्म्या पुरुषांच्या बापाच्या होत नाहीत. मुलाखतीत नवरा, सासरा, भाऊ यांना आत बसवू नका. निवडून आलेल्या बाईच्या खुर्चीवर पतिराज बसलेले दिसले, तर त्या सभेत आम्ही उभं राहून आक्षेप नोंदवू आणि तो इतिवृत्तात लिहायला लावू.

ग्रामसभेआधी महिला सभा घेणं ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. कागदावर उरकलेल्या सभांच्या कोऱ्या रजिस्टरवर सह्या करू नका. येत्या महिला सभेत प्रत्येक गावाने हा विषय मांडावा, ठराव घ्यावा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून त्याची प्रत मागून घ्यावी. पक्षांकडच्या या मागणीवरच्या सह्यांचे कागद अंगणवाडीत ठेवले आहेत. पुरुषांच्या सह्यांसाठी वेगळा रकाना आहे, तो अजून बहुतेक गावांत कोरा आहे. बाजाराच्या दिवसापर्यंत भरून द्या, त्यानंतर आम्ही ते सर्व पक्षांच्या जिल्हा कार्यालयांत पोचवणार आहोत, गावनिहाय.