802 शब्द, पण ‘म्हणे’ कुठे आहे?

जी भाषा आज कुणाचीच मातृभाषा नाही, किंवा जी कुणीतरी बसून रचली आहे, तिच्या क्रियापदांवर डोकं फोडणाऱ्यांबद्दल आपल्या मंडळींचं मत आधीच ठरलेलं असतं: रिकामटेकडे उद्योग. मी भाषाशास्त्रात डॉक्टरेट केली, सध्या पोस्टडॉक करते, त्यामुळे हे मत मला दर गणपतीत आणि दर दिवाळीच्या पॉटलकमध्ये ऐकायला मिळतं. ‘एवढं शिकून हे? त्यापेक्षा मराठी वाचवा की!’ आज याच वाक्याशी मला भांडायचं आहे. माझं म्हणणं असं, की आपण परदेशात मराठी ज्या पद्धतीने ‘वाचवतो’ आहोत, ती बरोबर नाही, आणि ती का बरोबर नाही हे या रिकामटेकड्यांकडूनच शिकण्यासारखं आहे.

आधी शाळेतली एक गोष्ट आठवा. क्रियापदाचे चार अर्थ आपण घोकले होते: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. ‘ती जाते’ हा स्वार्थ, ‘तू जा’ हा आज्ञार्थ, ‘तिने जावं’ हा विध्यर्थ आणि ‘ती गेली असती तर’ हा संकेतार्थ. परीक्षेत दोन मार्कांना यायचे आणि आपण विसरून जायचो. पण नीट बघा, माणूस म्हणून आपण जे काही करतो ते या चारांत आहे. सांगणं, फर्मावणं, अपेक्षा ठेवणं आणि हळहळणं. यातला एखादा अर्थ भाषेतून गेला, तर तेवढा माणूसच त्या भाषेतून गेला.

आता बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर चला. आजचा ईशान्य पोलंड आणि रशियाचा कालिनिनग्राड प्रांत, या पट्ट्यात एकेकाळी प्रशियन नावाची भाषा बोलली जायची. नाव ऐकून जर्मन फौजा डोळ्यांपुढे येतील, पण ही भाषा जर्मन नव्हे. ती बाल्टो-स्लाव्हिक कुळातली, लिथुएनियन आणि लाटव्हियनची बहीण. 13व्या शतकात ट्युटॉनिक नाइट्सनी हा प्रदेश जिंकला, पुढे जर्मन भाषिकांनी प्रदेशही घेतला आणि नावही घेतलं. 18व्या शतकाच्या सुरुवातीला भाषा संपली.

मागे काय उरलं? साधारण 1400 च्या सुमारास उतरवून घेतलेला एल्बिंगचा शब्दसंग्रह. त्यात विषयवार लावलेले 802 शब्द आहेत आणि ती जवळजवळ सगळी नामं आहेत. झाडं, पक्षी, मासे, अवयव, अवजारं. मग क्योनिग्सबर्गला छापलेल्या तीन ख्रिस्ती धर्मप्रश्नोत्तरी, दोन 1545 च्या आणि एक 1561 ची. त्यातली शेवटची सर्वांत मोठी. ल्यूथरच्या जर्मन पुस्तकाचं आबेल विल नावाच्या पाद्र्याने पाऊल मेगोट या प्रशियन भाषकाच्या मदतीने केलेलं ते भाषांतर. आपल्याला प्रशियन क्रियापदाबद्दल जे कळतं, ते बहुतेक या पुस्तकातून.

आता पुस्तक प्रश्नोत्तरीचं म्हटल्यावर त्यात काय असणार? आज्ञा आणि प्रार्थना. म्हणून आज्ञार्थाची रूपं बऱ्यापैकी सापडतात. ‘तसं होवो’, ‘तसं घडो’ अशी इच्छा सांगणारी रूपं सापडतात. ‘असतं तर’च्या वळणाची, ‘लाइ’ शेवट असलेली काही रूपं सापडतात, पण सगळ्या पुरुषांची आणि वचनांची सापडत नाहीत. प्रशियन माणसं दिवसभर एकमेकांना आज्ञाच करत होती असं नव्हे. त्यांच्या गप्पा कुणी लिहूनच घेतल्या नाहीत. गंमत म्हणजे या भाषेतला सर्वांत जुना म्हणून ओळखला जाणारा मजकूर 14व्या शतकातला आहे. बाझलच्या एका हस्तलिखितात कुणीतरी खरडलेल्या त्या दोन ओळी 1974 मध्ये विद्वानांच्या नजरेस पडल्या. त्यांत एका दोस्ताला टोमणा मारलाय: प्यायला पुढे, पैसे काढायला मागे. एवढी एकच थट्टा हाती आली, बाकी सगळे धर्मोपदेश.

गेल्या शतकाच्या अखेरीपासून काही लोकांनी ही भाषा पुन्हा बोलायचं ठरवलं. विताउतास माझ्युलिससारख्या अभ्यासकांनी जुन्या मजकुरांची आणि शब्दांच्या व्युत्पत्तीची पक्की बैठक घालून दिली होती. त्यावर इतरांनी नवी प्रशियन उभी केली. 2015 मध्ये ‘छोटा राजपुत्र’ हे पुस्तक त्या भाषेत आलं. काही घरांत मुलांशी ती बोललीही जाते. पण बोलायचं तर क्रियापदाचा पूर्ण तक्ता लागतो आणि तो हाती नाही. म्हणजे उरलेल्या जागा रचाव्या लागतात. त्या अर्थाने ही भाषा अर्धी सापडलेली आणि अर्धी कल्पिलेली आहे.

रिकाम्या जागा कशा भरायच्या? बहिणींकडे बघून. लाटव्हियनमध्ये कर्तव्य सांगायला क्रियापदाचा एक स्वतंत्र अर्थ आहे. क्रियापदाला पुढून ‘या’ जोडायचा आणि करणाऱ्याला चतुर्थीत टाकायचं. ‘मान याइएत’, म्हणजे ‘मला जायचंय’. ‘तुला’, ‘त्याला’, ‘आम्हाला’ म्हटलं तरी क्रियापद तेच राहतं. पुस्तक वाचायचं असेल तर ‘पुस्तक’ प्रथमेत येतं. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘मला कादंबरी वाचायची आहे’ यात आपणही ‘मी’ला चतुर्थीत टाकतो आणि क्रियापद कादंबरीच्या लिंगाने चालवतो.

लाटव्हियनमध्ये आणखी एक अर्थ आहे, ऐकीव गोष्टीचा. ‘विंश एसुओत मायास’, म्हणजे ‘तो घरी आहे म्हणे’. मी पाहिलेलं नाही, कुणीतरी सांगितलं, जबाबदारी माझी नाही, एवढं सगळं क्रियापदाच्या शेवटात. लिथुएनियन हेच काम धातुसाधितांकडून करून घेते. स्लाव्हिक भाषांपैकी बल्गेरियनमध्येही अशी व्यवस्था आहे. प्रशियनमध्ये मात्र ‘म्हणे’ची व्यवस्था उभी करता येईल एवढा पुरावा नाही. कुठून असणार? धर्मप्रश्नोत्तरीत ‘देव आहे म्हणे’ असं कोण लिहील?

इथे वाद पेटतो. शुद्धतावादी म्हणतात, पुराव्यात नाही ते घालू नका. त्यांचा मुद्दा हलका नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकातलं रूप आणि गेल्या वर्षी कुणी बनवलेलं रूप एकाच ओळीत बसलं, तर पुढचा अभ्यासक फसेल. म्हणूनच आम्ही भाषाशास्त्रज्ञ अनुमानाने बांधलेल्या रूपापुढे तारा काढतो. लेखात हा तारा हवाच. पण आई पोराला झोपवताना प्रत्येक क्रियापदापुढे तारा काढत बसेल का? भाषा बोलायची असेल तर शंका घ्यायला, हळहळायला, शेजारणीची बातमी द्यायला रूपं लागतात. ती सापडत नसतील तर रचावी लागतात. जे ती रचतात त्यांना मी खोटारडे म्हणणार नाही. 802 नामं आणि काही प्रार्थना म्हणजे भाषा नव्हे, हे त्यांना आपल्या आधी कळलं आहे.

याच्या उलटही एक खोड असते. काही हौशी भाषाकार आधी तक्ता आखतात आणि मग दहा-बारा अर्थांची घरं शेवटांनी भरून टाकतात. तक्ता देखणा दिसतो, पण त्या अर्थात बोलायचं काय हे ठरलेलंच नसतं. स्लाव्हिक देशांतल्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून रचलेली इंटरस्लाव्हिक मला म्हणूनच शहाणी वाटते. ‘केलं असतं’ म्हणायला तिने नवं काही शोधलं नाही. रशियन, पोलिश, चेक, क्रोएशियन, सगळ्यांच्या कानावर असलेला ‘बि’ हा शब्दच वापरला. गरज आधी, रूप नंतर. 2019 च्या ‘द पेंटेड बर्ड’ या चित्रपटात गावकरी याच भाषेत बोलतात.

आता वाचकहो, आपल्या घरात या. समजा, तीनशे वर्षांनी एखाद्या संशोधकाच्या हाती फक्त आपल्या परदेशातल्या घरांतली मराठी लागली. मुलांशी आपण जी बोलतो, तेवढीच. तो काय नोंदवेल? नामं: पोळी, भाजी, वरण, चप्पल, आजी, मोदक. क्रियापदं: ये, बस, खा, आवर, हात धू, ओरडू नकोस, झोप आता. शिवाय पाठ केलेल्या आरत्या आणि शुभंकरोति. म्हणजे नामांची यादी, आज्ञा आणि प्रार्थना. एल्बिंगचा संग्रह आणि आबेल विलचं पुस्तक यांची बेरीज केली तर हेच होतं. फरक एवढाच, की प्रशियन लोकांवर ही वेळ आक्रमणाने आणि काळाने आणली. आपण ती रविवारच्या वर्गात, रंगीत तक्ते लावून, स्वतःच आणतो आहोत.

तुम्ही म्हणाल, मुलांना शब्दच येत नाहीत, तिथे संकेतार्थ कुठून शिकवू? संकेतार्थ शिकवा असं मी म्हणतच नाही. आपल्यापैकी कुणी तो शिकून बोलायला लागलं होतं? आपण तो मोठ्यांच्या गप्पांत ऐकला. ‘तेव्हाच जागा घेतली असती तर!’ ‘त्याने निदान फोन तरी करावा.’ ‘लग्न मोडलं म्हणे.’ परदेशात या गप्पा आपण मुलं झोपल्यावर मारतो, किंवा त्यांच्यासमोर इंग्रजीत. मग मुलाला मराठी ही हुकमांची भाषा वाटते आणि वाद, थट्टा, शंका, पश्चात्ताप यांसाठी ते दुसरीकडे जातं. दहा वर्षांचं पोर ‘आई, मला मराठीत भांडता येत नाही’ असं म्हणत नाही. ते नुसतं इंग्रजीत भांडतं. आणि ‘मराठी समजतं, पण बोलत नाही’ असं आपण पाहुण्यांना सांगतो. हुकूम समजायलाच लागतो, त्याला उलट बोलायचं नसतं!

तेव्हा मंडळाच्या पुढच्या बैठकीत नव्या तक्त्यांसाठी वर्गणी काढण्याआधी एवढं करा. घरात एक आठवडा मोजा, मुलांशी बोलताना आज्ञार्थाबाहेर आपण किती वेळा गेलो. जेवताना त्यांच्यादेखत मराठीत कुचाळक्या करा. त्यांचं मत विचारा आणि ते खोडून काढा, म्हणजे त्यांना तुमचं खोडावंसं वाटेल. चुकीच्या लिंगाने बोलले तर हसू नका. नवी प्रशियन बोलणाऱ्या आईबापांना ‘मी असते तर’ कसं म्हणायचं हे विचारायला एकही म्हातारं माणूस जगात उरलेलं नाही, म्हणून ते व्याकरणकाराला विचारतात. आपल्याकडे व्हिडिओ कॉलवर आजी आहे. तिला फक्त ‘नमस्कार कर, आता बाय म्हण’ एवढ्यासाठी बोलावू नका. तिला शेजाऱ्यांची खबर विचारा आणि पोराला शेजारी बसवा.