पत्ता म्हणजे माणूस नव्हे

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेचे कौतुक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. या झगमगाटात एक किरकोळ भासणारा प्रश्न मात्र मागे पडला: भारतीय संशोधकाची आंतरजालावरील ओळख नेमकी कोणाच्या मालकीची?

शोधनिबंधावर छापलेला पत्ता, नियतकालिकांच्या संकेतस्थळांवरील खाती, परीक्षक म्हणून केलेल्या कामाची नोंद, हे सारे बहुधा संस्थेने दिलेल्या ईमेलला टांगलेले असते. पीएच.डी. संपते, करार संपतो आणि एके दिवशी संगणक विभाग तो पत्ता बंद करतो. मग पासवर्ड विसरला, तर नवा पासवर्ड ज्या टपालपेटीत यायचा ती पेटीच शिल्लक नसते. भाड्याच्या घराचा पत्ता जन्मदाखल्यावर कोरण्यातला हा प्रकार.

ईमेलचे समर्थक म्हणतात की, विकेंद्रित प्रवेशासाठी याहून सोपे नाव नाही. २००५ मध्ये ओपनआयडीने वापरकर्त्याला संकेतस्थळाचा पत्ता हीच ओळख म्हणून दिली. सामान्य माणसाला ती पचली नाही. ‘अमुक ॲट तमुक’ हे रूप मात्र सर्वांच्या बोटांत बसले आहे. यूपीआयने तर ते भाजीच्या गाडीपर्यंत नेले. शिवाय ‘ॲट’पुढचे डोमेन विचारणा कुठे करायची तेही सांगते. २०१३ चे वेबफिंगर मानक नेमके हेच करते आणि मॅस्टोडॉन त्यावर चालते. हे सारे खरे आहे.

पण विचारणा कुठे करायची हे कळले, म्हणून समोर कोण आहे हे कळत नाही. २०१३ मध्येच याहूने निष्क्रिय पत्ते नव्या लोकांना वाटले आणि जुन्या मालकांची खासगी पत्रे परक्यांच्या हाती पडली. २०१४ च्या ओपनआयडी कनेक्ट मानकाने तर स्पष्टच बजावले आहे की, ईमेलला वापरकर्त्याची एकमेव ओळख मानू नये. ओळखपुरवठादार आणि त्याने दिलेला कायम क्रमांक यांच्या जोडीवरच विसंबावे. मानक वाचण्याचे कष्ट न घेणारे संकेतस्थळकार तरीही ईमेललाच किल्ली समजतात. मोझिलाच्या पर्सोनाने ईमेलवर आधारलेला, वापरकर्त्याचा माग न काढणारा प्रवेश देऊन पाहिला. तो प्रयोग ३० नोव्हेंबर २०१६ रोजी बंद पडला आणि मैदान दोन-चार कंपन्यांच्या बटणांना मोकळे झाले. विकेंद्रीकरणाच्या नावाने सुरू झालेला प्रवास असा मक्तेदारीच्या दारात येऊन थांबला.

केंद्र सरकारने आपल्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ईमेल सेवा झोहोकडे हलवली, तेव्हा पत्त्यांतील डोमेन बदलले नाही. डोमेन सरकारचे होते, म्हणून पुरवठादार बदलता आला. जी मुभा सरकार स्वतः भोगते, ती संशोधकाला का नाही?

ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक २०१२ पासून उपलब्ध आहे. संस्था बदलली तरी तो बदलत नाही. या योजनेतील प्रकाशकांनी खाते त्या क्रमांकाशी बांधावे, ईमेल केवळ निरोपापुरता ठेवावा. संशोधक कोणत्या संस्थेत आहे याची ग्वाही संस्थेने खुशाल द्यावी, पण तो कोण आहे हे ठरवण्याचा हक्क तिला नको. इन्फ्लिबनेटने २०२७ नंतरच्या करारांत हे कलम घालावे. वाटाघाटीचे वजन आज सरकारच्या हातात आहे.