निदान अडते तेव्हा

बी.ए.एम.एस.ची साडेचार वर्षे पूर्ण करून आंतरवासितेस आलेला विद्यार्थी सहसा अभ्यासात कच्चा नसतो. निदानपंचक त्यास मुखोद्गत असते. तरीही रुग्ण समोर बसला, प्रश्नपरीक्षा संपली, की केसपेपरवरील निदानाच्या रकान्यापाशी त्याचे पेन थांबते आणि तो आमच्याकडे पाहतो. अशा वेळी आम्ही ज्येष्ठ मंडळी बहुधा निदान सांगून मोकळे होतो. बाहेर रांग असते, हे खरे. परंतु त्यायोगे रुग्णाचे काम होते, विद्यार्थ्याचे अडलेलेच राहते.

एका आंतरवासी विद्यार्थिनीपुढे पन्नाशीची एक स्त्री आली होती. बोटे व मनगटे सकाळी आखडणे, सांध्यांवर सूज, अरुचि, अंगास जडपणा. शिवाय गुडघे जुनेच दुखरे. विद्यार्थिनी संधिगत वात आणि आमवात यांमध्ये अडकली. "सर, दोन्ही बसतात," ती म्हणाली. एकात स्नेहन करावयाचे, दुसऱ्यात लंघन व रूक्ष स्वेद. चूक झाली तर उपचारच रोग वाढविणार. आम्ही म्हटले, "रोगाचे नाव तूर्त सांगू नकोस. कोणत्या प्रश्नाच्या उत्तराने हे दोन वेगळे होतील, तेवढे सांग." बराच वेळ शांततेत गेला. मग तिने विचारले, "मावशी, तेल चोळल्यावर कसे वाटते?" रोज रात्री तिळाचे तेल चोळले की ठणका वाढतो, गरम वाळूच्या शेकाने मात्र बरे वाटते, असे उत्तर आले. आमवात हे निदान विद्यार्थिनीने स्वतः लिहिले. रक्ततपासणीही तिनेच सुचविली.

गूढलिंग व्याधीची परीक्षा उपशय-अनुपशयाने करावी, हे चरकांच्या विमानस्थानातील वचन तिने परीक्षेत नक्कीच लिहिले असणार. मग ते ऐन वेळी का आठवले नाही? आमच्या मते दोष आपल्या अध्यापनाचा आहे. आपण व्याधीकडून लक्षणांकडे शिकवितो, प्रश्नपत्रिकाही तशीच काढतो. रुग्ण मात्र लक्षणे घेऊन येतो आणि विद्यार्थ्यास उलट वाटेने चालावे लागते. ही वाट दाखविणारे युक्तिप्रमाण सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आहे. ते आपण दोन गुणांच्या व्याख्येपुरते ठेवले!

दुसरी अडचण लाजेची. व्याधीचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, असे खुद्द चरकांनी सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात म्हटले आहे. दोषांची प्रकृती, अधिष्ठान व हेतू जाणून चिकित्सा करता येते. तेव्हा केसपेपरवर 'निदान अनिश्चित' असे लिहिण्याची मुभा विद्यार्थ्यास असावी. मात्र त्याखाली दोष, दूष्य, अग्नी यांबरोबर आणखी एक ओळ हवी: पुढील भेटीत काय दिसले तर आपले अनुमान चुकले असे मानू? ही ओळ विद्यार्थ्यांना मुळीच आवडत नाही, असा आमचा अनुभव आहे.

छातीत कळ, श्वासावरोध, मूर्च्छा अशा अवस्थेत प्रश्नोत्तरे करीत बसू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे, शिकविणे नंतर. आणि गर्दीची सबब सांगणाऱ्यांस आमचे एवढेच म्हणणे आहे, की दिवसाकाठी एकाच रुग्णासाठी ही दहा मिनिटे द्यावीत.

विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार सांगितले आहेत. आपल्या रुग्णचर्चा संधायने आरंभून विगृह्यवर कधी जातात, हे सभासदांस ठाऊक आहेच. तशा सभेत अडलेला विद्यार्थी तोंड उघडणार कसा? म्हणून शाखेच्या मासिक सभेत अर्धा तास न सुटलेल्या रुग्णांसाठी राखावा आणि त्यात प्रथम ज्येष्ठांनी आपापले अनिर्णित केसपेपर मांडावेत, अशी आमची सूचना आहे. आमच्याजवळ असे तीन आहेत; पुढील सभेस ते घेऊन येऊ.