ताडोब्याच्या सफारीत गाईडचा शब्द अखेरचा असावा

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव),
महाराष्ट्र राज्य, नागपूर

विषय : ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातील सफारी गाईडचे मानधन, अधिकार व प्रशिक्षण यांबाबत निवेदन.

मा. महोदय,

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले, 1986 साली शेजारचे अंधारी अभयारण्य जाहीर झाले आणि पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. आज सुमारे 625 चौरस किलोमीटरचा गाभा आणि त्याभोवती सुमारे 1,100 चौरस किलोमीटरचे बफर असा त्याचा विस्तार आहे. राज्यातील वाघांची अंदाजित संख्या 2018 मध्ये 312 होती, ती 2022 मध्ये 444 झाली. या यशात वनविभागाचा आणि जंगलालगतच्या गावांचा वाटा मोठा आहे. वाघ वाढले तशी त्यांना पाहायला येणाऱ्यांची गर्दीही वाढली. या गर्दीला शिस्त लावण्यासाठी नियम पुरेसे आहेत. ते पाळून घेणारा माणूस मात्र कमजोर ठेवला गेला आहे, असे आमचे म्हणणे आहे. हा माणूस म्हणजे प्रत्येक जिप्सीत चालकाशेजारी बसणारा स्थानिक गाईड. कागदावर जबाबदारी त्याची असते, पण गाडीत शब्द चालतो पैसे मोजणाऱ्याचा.

गाड्यांची कोंडी कशी होते हे पाहिले तर मुद्दा स्पष्ट होईल. सांबर किंवा वानर ओरडले की जवळची गाडी थांबते. समोरून येणाऱ्या गाडीला खूण होते, मग तिसरी आणि चौथी येते. वाघाला जंगलातले मोकळे रस्ते चालायला सोयीचे असतात, म्हणून तो बऱ्याचदा रस्त्यावरच येतो आणि मागेपुढे गाड्या असल्या की त्याची वाट बंद होते. अशा वेळी गाडी मागे घ्यायला हवी, हे गाईडला आपल्यापेक्षा चांगले कळते. पण गाडीतले सहाजण दूरवरून आलेले असतात, त्यांनी महिनोन्‌महिने आधी आरक्षण केलेले असते, आणि ठरलेल्या मानधनावर गाईडला जे काही मिळते ते बक्षिसीच्या रूपाने त्यांच्याच खिशातून येते. वाघ दिसला, तोही जवळून, तर हात सैल सुटतो. नाही दिसला तर बहुधा नुसता निरोप मिळतो. त्यातच गाईडची पाळी क्रमाने येते, मंगळवारी सफारी बंद असते आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्राचे दरवाजे लागतात. ज्याच्या घरची चूल अशा कमाईवर पेटते, त्याने दर फेरीला स्वतःच्या पोटाविरुद्ध निर्णय घ्यावा अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जे घडले ते याच रचनेतून घडले. पर्यटकांच्या गाड्यांनी एफ-2 वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली, त्याची चित्रफीत सर्वत्र पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाईड आणि चालकांना निलंबन व दंड झाला. चूक घडली होती, कारवाई हवीच होती, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु निलंबित गाईडच्या जागी दुसऱ्या दिवशी जो गाईड बसतो, त्याच्यावरही तोच दबाव असतो. शिक्षेची भीती महिनाभर टिकते. कमाईची ओढ रोजची असते. हे जंगलाला परवडणारे नाही. लहानपणापासून गाड्यांच्या गराड्यात वाढलेले बछडे माणसाला बुजेनासे होतात. वयात आल्यावर हद्दीच्या शोधात ते बफरमधून, मोहफुले आणि तेंदूपत्ता वेचणाऱ्यांच्या वाटांवरून, शेतांच्या कडेने बाहेर पडतात. माणसाचे भय गमावलेला वाघ गावाच्या शिवारात पोचला तर किंमत पर्यटक मोजत नाही, गावकरी मोजतो आणि शेवटी वाघही मोजतो.

म्हणून आमची पहिली मागणी मानधनाची आहे. सफारीच्या शुल्कातील गाईडचा हिस्सा इतका वाढवावा की बक्षिसीवाचून त्याचा महिना निघेल, आणि गाभा क्षेत्र बंद असते त्या महिन्यांसाठी त्याला किमान काही रक्कम हमखास मिळावी. गस्त, पाणवठ्यांची देखभाल, शाळांतील निसर्गशिक्षण अशी कामे त्या काळात त्याला देता येतील. पर्यटकांना काही द्यायचेच असेल तर ते गेटवरच्या सामायिक पेटीत जमा व्हावे आणि त्या गेटच्या सर्व गाईडमध्ये समान वाटले जावे. वाघ कोणाच्या फेरीत दिसला याचा आणि पैशाचा संबंध तिथे तुटतो. दुसरी मागणी अधिकाराची आहे. गाडी केव्हा थांबवायची, किती अंतरावर ठेवायची आणि केव्हा मागे फिरवायची, याबाबत गाईडचा निर्णय अखेरचा असेल, असे सफारीच्या परवान्यावरच ठळकपणे मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत छापावे. त्याने नियमाप्रमाणे गाडी वळवली म्हणून पर्यटकाने तक्रार केली, तर त्या तक्रारीवरून त्याची पाळी कापली जाऊ नये. उलट दबाव टाकणाऱ्या पर्यटकावर आणि त्याच्या आरक्षणावर कारवाई व्हावी. गाभा क्षेत्रात मोबाइल नेण्यास बंदी आहे. तीही याच अधिकाराने गाडीत लागू करता आली पाहिजे.

तिसरी मागणी प्रशिक्षणाची आहे आणि ती आम्हाला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते. ताडोबा म्हणजे केवळ वाघ नव्हे. साग आणि बांबूच्या या शुष्क पानगळी जंगलात रानकुत्र्यांचे कळप आहेत, रानगवे आहेत, अस्वलांनी उकरलेली वारुळे आहेत, ताडोबा तलावात मगरी आहेत, उन्हाळ्यात विणीसाठी येणारा नवरंग पक्षी आहे. बांबू काही दशकांत एकदाच फुलतो आणि मग मरतो. त्या एका घटनेने चरणाऱ्या प्राण्यांपासून वणव्यापर्यंत किती गोष्टी बदलतात, हे सांगणारा गाईड मिळाला तर वाघ न दिसलेली फेरीही वाया जात नाही. या परिसरातील गोंड समाज तारू या देवाला मानतो, त्याच्याशी ताडोबा हे नाव जोडले जाते. यातले बरेच ज्ञान गावातून आलेल्या गाईडकडे आधीच आहे. त्याला शास्त्रीय जोड, पक्षी ओळखण्यासाठी चांगली दुर्बीण आणि अनुभवानुसार वाढते मानधन मिळाले, तर मोहर्ली किंवा कोलाराच्या गेटवर उतरणारा पर्यटक जंगल पाहून परत जाईल.

यावर काही आक्षेप येतील. शुल्क वाढेल आणि सामान्य कुटुंब दूर जाईल, हा त्यांतला सर्वांत रास्त आहे. परंतु कायद्याने स्थापन झालेल्या व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे पर्यटनाचे उत्पन्न जमा होतेच. वाढीव मानधनाचा काही भार त्याने उचलावा आणि राज्यातील शाळांच्या सहलींसाठी सवलतीच्या फेऱ्या राखून ठेवाव्यात. शिस्त कडक केली तर पर्यटक रोडावतील आणि गावांचा रोजगार बुडेल, असेही म्हटले जाईल. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातील पर्यटनावर काही काळ बंदी घातली होती, तेव्हा रोजगार खरोखर थांबला होता. तो पुन्हा सुरू झाला तो राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने नियम घालून दिल्यावर, आणि त्या नियमांत पर्यटन गाभ्याच्या 20 टक्क्यांपुरतेच ठेवण्याची मर्यादाही आली. बेशिस्त वाढली तर न्यायालये पुन्हा हस्तक्षेप करतील, आणि तेव्हा नुकसान सर्वाधिक गाईडचेच होईल. पैसे देऊन आलेल्याला वाघ दाखवणे हा व्यवस्थेचा शब्द आहे, असे मानणाऱ्यांना आमचे उत्तर एवढेच की असा शब्द कोणी दिलेला नाही आणि देऊही नये. आरक्षणाच्या पहिल्याच पानावर तसे स्पष्ट लिहिले तर बरेच गैरसमज गेटवर येण्याआधीच मिटतील.

वरील तिन्ही मागण्या एकत्र अमलात आल्या तरच उपयोग होईल. अधिकाराविना मानधन किंवा मानधनाविना अधिकार दिल्यास आजचीच स्थिती राहील. पावसाळ्यानंतर 1 ऑक्टोबरला गाभा क्षेत्राचे दरवाजे उघडण्यापूर्वी याबाबतचा आदेश काढावा, त्याआधी सर्व गेटवरील गाईडच्या प्रतिनिधींशी चर्चा करावी आणि तो आदेश राज्यातील इतर व्याघ्र प्रकल्पांनाही लागू करावा, अशी आमची नम्र व आग्रहाची विनंती आहे.

आपले विनम्र,
स्वाक्षरी करणारे नागरिक

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : मा. क्षेत्र संचालक, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प, चंद्रपूर