एक गोळी अधिक घेतली तर काय बिघडले?

गेल्या पंधरवड्यात आमच्याकडे एक पत्र आले. आपले नाव छापू नये अशी लेखिकेची विनंती आहे व ती आम्ही पाळीत आहोत. लग्नाला सहा वर्षे झालेल्या तिच्या भावजयीस डॉक्टरांनी स्त्रीबीज पिकण्यासाठी क्लोमिफेनच्या गोळ्या दिल्या होत्या. दिवसाला एक, असे पाच दिवस. पहिल्या महिन्यात गुण आला नाही. दुसऱ्या महिन्यात डॉक्टरांकडे न जाता तीच चिठ्ठी औषधाच्या दुकानात पुन्हा दाखविण्यात आली आणि "एकीने होत नाही तर दोन घे" असा सल्ला घरातूनच मिळाला. तिसऱ्या महिन्यात दोहोंच्या चार झाल्या. एके संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना तिला ज्योतीभोवती ठिणग्या उडताना दिसू लागल्या, पोथीतील अक्षरे धूसर झाली, आणि पोट असे तटतटले की निऱ्या बसेनात. "कोणते औषध चालू आहे?" या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या पहिल्याच प्रश्नाला ती बाई उत्तर देईना. सासूबाई शेजारी बसल्या होत्या.

हा अज्ञानाचा प्रकार म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. पण हे घर अशिक्षितांचे नव्हे. भावजय पदवीधर असून नोकरी करते, तिचे यजमान हिशेबतपासनीस आहेत. शाळेत असताना आम्हांस कधीमधी गणिताच्या तासालाही उभे राहावे लागे, तेव्हा आम्ही मुलांना त्रैराशिक शिकवीत असू : एक गवंडी भिंत आठ दिवसांत बांधतो, तर चार गवंडी किती दिवसांत बांधतील? हे गणित भिंतीपुरते ठीक आहे. ते कुशीला लावण्याचा मोह मात्र शिकलेल्यांनाच अधिक होतो, असा आमचा अनुभव आहे.

या औषधाचा स्त्रियांना होणारा उपयोग रॉबर्ट ग्रीनब्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली प्रसिद्ध केला, आणि १९६७ साली अमेरिकेत त्याच्या विक्रीस परवानगी मिळाली. लक्षावधी घरांत त्याने पाळणा हलविला, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण ते काम कसे करते हे कितीजणांस ठाऊक असते? क्लोमिफेन स्वतः बीज तयार करीत नाही. शरीरात इस्ट्रोजेन कमी पडले आहे असा भास ते मेंदूस करून देते. मग मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी अधिक संप्रेरके सोडते व त्यांच्या हाकेने बीजांडकोशातील बीज पिकते. ही हितकारक फसवणूक आहे खरी. परंतु ती केवळ मेंदूचीच होत नाही. गर्भाशयाच्या आतील अस्तर जाड होते तेही इस्ट्रोजेनमुळेच, आणि क्लोमिफेन तेथेही आडवे येते. मात्रा वाढवीत गेल्यास अस्तर पातळ राहू शकते, गर्भाशयाच्या मुखाशी असणारा स्राव आटतो. बियाणे तर पिकवावे, पण रुजावयास जमीन ठेवू नये, असा हा प्रकार होतो. शिवाय पाच दिवसांनी गोळ्या थांबल्या तरी औषध पाच दिवसांत अंगाबाहेर जात नाही. त्याचा काही अंश कित्येक आठवडे रेंगाळतो. तेव्हा पुढील महिन्यातील वाढीव मात्रा मागच्या शिलकेवर जाऊन पडते. हिशेबतपासनिसांच्या घरी तरी हे ध्यानात यावयास हवे होते.

ठरवून दिलेल्या मात्रेतही हे औषध निरुपद्रवी नाही. शंभरांत दहा-एक स्त्रियांच्या अंगातून गरम वाफा निघतात, चौदा-एक स्त्रियांचे बीजांडकोश वाढतात. मळमळ, डोकेदुखी, विनाकारण येणारे रडू हे निराळेच. दृष्टीचे विकार शंभरांत दीडच, पण मात्रा व मुदत वाढली की तेही वाढतात. नजर धूसर झाली वा डोळ्यांपुढे ठिणग्या दिसू लागल्या, तर त्या क्षणी गोळ्या बंद करून डोळे तपासून घ्यावयाचे, वाहन चालवावयाचे नाही. विकार पुढे बराच काळ टिकल्याच्याही नोंदी आहेत. जुळ्यांचे प्रमाण शंभर गर्भधारणांत सातच्या घरात जाते. एरवी ते ऐंशी-नव्वदांत एक असते. जुळे म्हटले की घरातील वडीलधाऱ्यांच्या मुखावर हसू फुटते, पण दिवस पुरे होण्याआधीची प्रसूती आणि काचेच्या पेटीत ठेवावी लागणारी दोन बाळे त्यांच्या डोळ्यांपुढे नसतात.

सर्वांत भयंकर अवस्था बीजांडकोशांच्या अतिउत्तेजनाची. ती बहुधा संप्रेरकांच्या इंजेक्शनांनी येते, गोळ्यांनी क्वचित, पण येते. एरवी बदामाएवढा असणारा बीजांडकोश फुगतो, प्रसंगी पिळला जातो. रक्तातील पाणी झिरपून पोटात साचते, रक्त दाट होऊन त्याच्या गुठळ्या होऊ लागतात. दोन-चार दिवसांत वजन भराभर वाढले, धाप लागली, लघवी कमी झाली, तर काढे आणि शेक यांत वेळ न दवडता रुग्णालय गाठले पाहिजे.

मग गुण न आल्यास करावयाचे काय? रोजच्या १०० मिलिग्रॅमपलीकडे, म्हणजे साधारणतः दोन गोळ्यांपलीकडे जाण्यास औषधाचे मूळ माहितीपत्रक संमती देत नाही. काही तज्ज्ञ १५० पर्यंत जातात, ते सोनोग्राफीने बीजांडकोशांवर नजर ठेवून. तीन पाळ्यांत बीज सुटले नाही तर मार्ग बदलावा, सहा पाळ्यांपलीकडे तर जाऊच नये, असा दंडक आहे. दुसरे मार्ग आहेतही. ज्यांच्या बीजांडकोशांत अनेक गाठी असतात व पाळी अनियमित असते अशा स्त्रियांना आता लेट्रोझोल हे औषध आधी दिले जाते. आपल्या सरकारने २०११ साली त्याच्या या उपयोगावर बंदी घातली होती, ती २०१७ साली उठली.

पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नव्हता. यजमानांची तपासणी झाली होती काय, असे आम्ही उलट टपाली विचारले. उत्तर आले : नाही. मूल न होण्याच्या सुमारे निम्म्या उदाहरणांत पुरुषातील दोष सर्वस्वी वा अंशतः कारणीभूत असतो. त्याची पहिली तपासणी अल्प खर्चाची, वेदनारहित आणि एका सकाळीत उरकणारी आहे. ती न करता पत्नीच्या तोंडात गोळ्या वाढवीत जाणे याला उपचार कोण म्हणेल? आणि ती तपासणी न मागता चिठ्ठी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना तरी दोषमुक्त कसे करावे? नवसाला दोघे मिळून जातात; दवाखान्यात मात्र तिनेच एकटीने जावे, ही रीत आमच्या सुशिक्षित वस्त्यांतूनही अद्याप गेलेली नाही.

२०२१ साली संसदेने साहाय्यित प्रजननासंबंधी कायदा केला. परंतु त्याचा पहारा बीजे शरीराबाहेर हाताळणाऱ्या केंद्रांवर आहे. औषधाच्या दुकानातील काउंटरवर नाही. तेथे लागू होतो तो औषध नियम, १९४५. डॉक्टरांनी तसे लिहिलेले नसेल तर अशी चिठ्ठी एकदाच चालते, आणि औषध देताना दुकानदाराने आपले नाव, पत्ता व तारीख तिच्यावर नोंदवावयाची असते. नियम ऐंशी वर्षांचा झाला. त्याची अंमलबजावणी आमच्या नगरातील किती दुकानांत होते हे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने एकदा साध्या वेशात जाऊन पाहावे. पत्रलेखिकेने त्या चिठ्ठीची छायाप्रत सोबत जोडली आहे. तीन महिने, तीन खरेद्या, आणि कागदावर एकही शिक्का नाही.